दूध संकलनाच्या वेळेत सर्व्हर पडला तर: रेप्लिकेशन आणि फेलओव्हर उभारण्याची पद्धत

कोल्हापूर जिल्ह्यातील गावोगावच्या दूध संस्थांमध्ये सकाळ-सायंकाळ संकलन चालते, आणि त्या दोन्ही वेळांत उत्पादकाचा कोड, लिटर, फॅट व एसएनएफ (फॅटव्यतिरिक्त घनपदार्थ) यांची नोंद संगणकावर होऊन लगेच पावती निघते. दर दहा दिवसांनी निघणारे दूध बिल याच नोंदींवर उभे असते. अशा शे-दोनशे संस्था एकाच वेब सेवेवर नोंदी पाठवत असतील, तर सकाळी सात वाजता तो सर्व्हर बंद पडणे म्हणजे शे-दोनशे गावांत एकाच वेळी रांग खोळंबणे होय. अशी सेवा डोळ्यांसमोर ठेवून, वेब सर्व्हर व डेटाबेस यांच्या एकाहून अधिक प्रती चालत्या कशा ठेवाव्यात आणि त्यांतील एक निकामी झाल्यावर काम दुसरीकडे कसे वळवावे, याची, म्हणजेच अनुक्रमे रेप्लिकेशन आणि फेलओव्हरची, पद्धत येथे मांडली आहे. उदाहरणासाठी पोस्टग्रेस हा डेटाबेस धरला आहे. मायएसक्यूएलचे वेगळेपण ओघात येईल.

डेटाची दुसरी प्रत तयार करणे हा या कामाचा सोपा भाग आहे आणि आजची साधने ते काम तासाभरात करून देतात. कोणत्या क्षणी, कोणाच्या निर्णयाने ती दुसरी प्रत मुख्य मानायची, आणि त्या क्षणी जुनी मुख्य प्रत खरोखर थांबलेली आहे याची खात्री कशी करायची, हा अवघड भाग आहे. पहिल्या भागावर पैसे खर्च होतात, आणि दुसऱ्याचा विचार बहुधा पहिल्या अपघाताच्या दिवशीच सुरू होतो. म्हणून या लेखात दुसऱ्या भागाला जास्त जागा दिली आहे.

आधी दोन आकडे ठरवावेत

सेवा जास्तीत जास्त किती वेळ बंद राहिलेली चालेल, हा पहिला आकडा. आणि किती वेळाच्या नोंदी कायमच्या गेलेल्या चालतील, हा दुसरा. पहिला आकडा टक्केवारीत सांगण्याची पद्धत आहे: ९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात ४३ मिनिटे १२ सेकंदांची सूट, आणि ९९.९९ टक्के म्हणजे जेमतेम ४ मिनिटे १९ सेकंद. परंतु टक्केवारीला वेळेचे भान नसते. तीच ४३ मिनिटे रात्री दोन वाजता गेली तर कोणाच्या लक्षातही येणार नाहीत. सकाळी साडेसहाला गेली तर संस्थेच्या सचिवापासून अध्यक्षापर्यंत सर्वांचे फोन येतील. त्यामुळे करारात टक्केवारी लिहायचीच असेल, तर संकलनाच्या वेळांसाठी वेगळी आणि उरलेल्या वेळेसाठी वेगळी लिहावी.

दुसरा आकडा संकलनाच्या बाबतीत शून्यच असावा लागतो, कारण एकदा दूध बल्क कूलरमध्ये ओतले की त्या उत्पादकाचे दूध पुन्हा मोजता येत नाही. मासिक अहवाल पुन्हा तयार करता येतो, नोंद मात्र नाही. हा फरक लक्षात घेतला की सगळ्याच डेटाला सारख्या खर्चाचे संरक्षण देण्याची गरज उरत नाही.

जागा

एक सर्व्हर राजारामपुरीतील कार्यालयात आणि दुसरा उद्यमनगरात ठेवला म्हणजे दोन ठिकाणे झाली, असा समज ज्यांचा असेल त्यांनी ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ हे दोन महिने आठवावेत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. त्या दोन्ही वर्षी नदी धोका पातळीच्या कितीतरी वर गेली, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आल्याने वाहतूक काही दिवस बंद राहिली आणि उपकेंद्रांत पाणी शिरल्याने अनेक भागांची वीज गेली. सर्व्हर तिसऱ्या मजल्यावर असला आणि पाणी त्याच्यापर्यंत आले नाही, तरी जनरेटरचे डिझेल रस्त्यानेच यायचे असते. दोन्ही इमारतींची वीज, इंटरनेटची फायबर आणि डिझेलचा रस्ता एकच असेल, तर त्या दोन प्रती कागदावर दोन आणि संकटात एकच असतात.

म्हणून मुख्य सेवा कोल्हापुरातील कार्यालयात ठेवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या खोलीतल्या, हात लावता येणाऱ्या सर्व्हरबद्दल मालकाला जिव्हाळा असतो हे खरे. तो जिव्हाळा चाचणीच्या सर्व्हरवर खर्च करावा. क्लाउड कंपन्यांच्या डेटा सेंटरचे (त्यांच्या भाषेत 'क्षेत्रां'चे) पर्याय आता जवळच उपलब्ध आहेत. मायक्रोसॉफ्टचे मध्य भारत क्षेत्र २०१५ पासून पुण्यात आहे, अ‍ॅमेझॉनचे मुंबई क्षेत्र २०१६ पासून आणि हैदराबाद क्षेत्र २०२२ पासून चालू आहे, तर गुगलची मुंबई व दिल्ली ही दोन क्षेत्रे अनुक्रमे २०१७ व २०२१ मध्ये सुरू झाली. एका क्षेत्रात वीज व नेटवर्क स्वतंत्र असलेले अनेक झोन असतात, आणि दोन प्रती ठेवायच्या त्या एकाच क्षेत्राच्या दोन झोनमध्ये.

एकाच क्षेत्रात का, याचे उत्तर अंतरात आहे. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो. म्हणजे ४०० किलोमीटरवरच्या प्रतीकडून 'नोंद पोहोचली' असे उत्तर यायला निव्वळ भौतिक नियमाने ४ मिलिसेकंद लागतात, आणि फायबर सरळ रेषेत टाकलेली नसल्याने व वाटेत यंत्रे असल्याने प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. प्रत्येक नोंद पक्की करताना हा वेळ मोजावा लागला की संकलनाच्या गर्दीत त्याचा ताण जाणवतो. दोन झोनमधले अंतर मात्र सामान्यतः एक-दोन मिलिसेकंदांत निभावते. त्यामुळे दोन डेटाबेस मुंबईच्या दोन झोनमध्ये, मुख्य कोण ते ठरवणाऱ्या मतदानापुरता एक छोटा सर्व्हर तिसऱ्या झोनमध्ये, आणि सगळे मुंबई क्षेत्रच गेले तर उपयोगी पडेल अशी सवडीने मागून येणारी एक प्रत हैदराबादला, ही मांडणी पुढे गृहीत धरली आहे.

वेब सर्व्हर

वेब सर्व्हरची गोष्ट तुलनेने सोपी आहे; अट इतकीच की त्याच्या पोटात काहीही साठवलेले नसावे. लॉगिनची सत्रे सर्व्हरच्या मेमरीत असतील, तर दुसऱ्या सर्व्हरवर जाताच सर्व सचिव लॉगआउट होतील. ती डेटाबेसमध्ये किंवा रेडिससारख्या सामाईक ठिकाणी ठेवावीत. अपलोड झालेल्या फाइली स्थानिक डिस्कवर न ठेवता ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये पाठवाव्यात.

सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे ठरावीक वेळी आपोआप चालणारी कामे. एका सर्व्हरचे दोन केले की क्रॉनमधले दहा दिवसांच्या बिलाचे काम दोन्ही ठिकाणी चालते, आणि उत्पादकाला त्याच रकमेचा एसएमएस दोनदा जातो. एसएमएस दोनदा गेला तर हसण्यावारी नेता येते. बँकेकडे जाणारी पेमेंट फाइल दोनदा तयार झाली तर नाही. असे काम सुरू करण्यापूर्वी डेटाबेसमध्ये अ‍ॅडव्हायझरी लॉक (एका वेळी एकालाच मिळणारे कुलूप) घ्यावे, लॉक मिळाले तरच पुढे जावे, आणि त्याशिवाय 'या संस्थेचे या दशकाचे (दहा दिवसांचे) बिल तयार झाले' या नोंदीवर युनिक बंधन, म्हणजे तीच नोंद दुसऱ्यांदा होऊ न देणारा नियम, ठेवावे. लॉक हे दोघे एकाच क्षणी आले तर उपयोगी पडते. दुसरा पाच मिनिटांनी आला तर त्याला अडवते ते बंधनच.

या सर्व्हरांसमोर एचए-प्रॉक्सी किंवा क्लाउडचा लोड बॅलन्सर, म्हणजे येणाऱ्या विनंत्या चालू सर्व्हरांत वाटणारे साधन, ठेवावे. एचए-प्रॉक्सीत तपासणी चालू केली की ती मुळात दर २ सेकंदांनी होते, सलग ३ वेळा अपयश आल्यावर सर्व्हर बाद होतो आणि सलग २ वेळा यश आल्यावर परत घेतला जातो. हे आकडे बदलण्याची घाई करू नये. विचार करायचा तो तपासणीच्या पानावर. त्या पानाने डेटाबेसलाही विचारून उत्तर द्यावे, असा मोह होतो. तसे केले तर डेटाबेस दहा सेकंद अडखळताच सगळे वेब सर्व्हर एकदम 'आजारी' ठरतात आणि लोड बॅलन्सरकडे एकही सर्व्हर उरत नाही. त्या पानाने फक्त आपली प्रक्रिया जिवंत आहे व विनंती घेऊ शकते एवढेच सांगावे. डेटाबेसची प्रकृती वेगळ्या देखरेखीत पाहावी.

एचए-प्रॉक्सी स्वतः एकटाच असेल तर त्याच्याबरोबर सगळे बुडते, हे उघड आहे. आपल्याच नेटवर्कमध्ये दोन एचए-प्रॉक्सी ठेवून कीपअलाइव्हडीच्या साहाय्याने एक फिरता आयपी पत्ता दोघांत ठेवता येतो. मुख्य यंत्र दर सेकंदाला आपण जिवंत असल्याचा संदेश देते आणि तो थांबला की दुसरे यंत्र पत्ता स्वतःकडे घेते. क्लाउडमध्ये हे संदेश मल्टिकास्टने सहसा जात नाहीत, आणि पत्ता दुसऱ्या यंत्राकडे नेणेही क्लाउडच्या स्वतःच्या सोयीनेच करावे लागते, म्हणून तेथे त्यांचाच लोड बॅलन्सर घेतलेला परवडतो. आणखी एक हिशेब: दोन सर्व्हर असतील तर गर्दीच्या वेळी प्रत्येकावरचा भार निम्म्याच्या आत हवा, नाहीतर एक पडल्यावर दुसरा ओझ्याने पडतो.

डेटाबेसची प्रत

पोस्टग्रेस डेटात बदल करण्यापूर्वी तो बदल 'वॉल' नावाच्या नोंदवहीत लिहितो. हीच नोंदवही अखंड दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवत राहायची आणि त्याने ती वाचून तेच बदल स्वतःकडे करायचे, हे स्ट्रीमिंग रेप्लिकेशन. ते २०१० च्या ९.० आवृत्तीपासून आहे आणि सिंक्रोनस सोय पुढच्याच वर्षी ९.१ मध्ये आली. दहाव्या आवृत्तीपासून त्यासाठी लागणाऱ्या बहुतेक सेटिंग मुळातच अनुकूल असतात: वॉलची पातळी 'रेप्लिका' असते, वॉल पाठवणाऱ्या प्रक्रियांची मर्यादा १० असते. प्रायमरीवर, म्हणजे मुख्य डेटाबेसवर, फक्त रेप्लिकेशनचा अधिकार असलेला वेगळा वापरकर्ता तयार करावा, कोणाला जोडू द्यायचे ते सांगणाऱ्या एचबीए फाइलमध्ये दुसऱ्या सर्व्हरच्या पत्त्याला त्या वापरकर्त्यापुरती परवानगी द्यावी, आणि दुसऱ्या सर्व्हरवर पीजी-बेसबॅकअप हे साधन '-R' पर्यायासह चालवावे. ते संपूर्ण डेटा आणते, प्रायमरीशी जोडणीची माहिती लिहून ठेवते आणि 'हा स्टँडबाय (मुख्यामागून चालणारी राखीव प्रत) आहे' असे सांगणारी खुणेची रिकामी फाइलही तयार करते. पॅट्रोनी हे पोस्टग्रेसचा फेलओव्हर सांभाळणारे साधन वापरणार असाल तर हे सगळे तेच करते; तरीही एकदा हाताने करून पाहावे, कारण बिघाडाच्या वेळी आत काय चालले आहे ते ज्याला माहीत असते तोच धीर धरू शकतो.

रेप्लिकेशन स्लॉट वापरला तर स्टँडबाय कितीही वेळ बंद असला तरी त्याला लागणारी वॉल प्रायमरी राखून ठेवते. सोय चांगली आहे, आणि धोकाही त्यातच आहे: स्टँडबाय शनिवारी बंद पडला आणि कोणी पाहिले नाही, तर वॉल साचून प्रायमरीचीच डिस्क भरते आणि ज्या प्रतीने सेवा वाचवायची तिच्यामुळेच सेवा पडते. तेराव्या आवृत्तीपासून स्लॉटने राखायच्या वॉलवर कमाल मर्यादा घालता येते, ती घालावीच. मर्यादा ओलांडली तर स्टँडबाय पुन्हा नव्याने उभा करावा लागेल, पण संकलन चालू राहील.

आता सिंक्रोनस की असिंक्रोनस हा प्रश्न. असिंक्रोनसमध्ये प्रायमरी नोंद स्वतःच्या डिस्कवर लिहून लगेच 'झाले' म्हणते. ती स्टँडबायकडे पोहोचण्यापूर्वी प्रायमरी गेली तर पावती उत्पादकाच्या हातात असते आणि नोंद कुठेच नसते. सिंक्रोनसमध्ये स्टँडबायने लिहून घेतल्यानंतरच 'झाले' असे उत्तर येते. संकलनाच्या नोंदींसाठी दुसराच पर्याय योग्य. मात्र एकच स्टँडबाय सिंक्रोनस ठेवला आणि तो बंद पडला, तर पोस्टग्रेस निमूटपणे थांबून राहते व एकही नोंद पक्की होत नाही. म्हणजे दोन सर्व्हर घेऊन बिघाडाची शक्यता दुप्पट केल्यासारखे होते. यावर दोन उपाय आहेत: तीन डेटाबेस ठेवून 'दोघांपैकी कोणत्याही एकाचे उत्तर पुरे' असे ठरवणे, किंवा पॅट्रोनीचा सिंक्रोनस मोड वापरणे, ज्यात स्टँडबाय गेल्यावर पॅट्रोनी स्वतःच तात्पुरते असिंक्रोनस करते. त्याच मोडचा 'स्ट्रिक्ट' प्रकार ही सवलत देत नाही. दोन डेटाबेसच्या मांडणीत मी साधा सिंक्रोनस मोड निवडेन आणि सवलत लागू होताच फोनवर इशारा येईल अशी व्यवस्था करेन. मायएसक्यूएलची सेमी-सिंक्रोनस पद्धत मुळातच अशी वागते: स्टँडबायचे उत्तर १० सेकंदांत आले नाही तर ती गुपचूप असिंक्रोनसवर उतरते. गुपचूप हा शब्द महत्त्वाचा आहे, म्हणून तेथेही इशारा हवाच.

स्टँडबायवर वाचन करता येते, त्यामुळे अहवालांचा भार तिकडे न्यावा असे सुचते, आणि ते बरोबरही आहे. पण पावती तिकडून काढू नये. सचिवाने ८.४ लिटरची नोंद केली, ती प्रायमरीवर पक्की झाली आणि पावतीसाठी वाचन स्टँडबायवर गेले, तर पाव सेकंदाच्या मागे पडण्यानेही पावती कोरी निघते. सिंक्रोनस असले तरी ही शक्यता उरते, कारण स्टँडबायने वॉल लिहून घेणे आणि ती डेटात उतरवणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. शिवाय स्टँडबायवरचा लांबलचक अहवाल येणाऱ्या बदलांच्या आड आला, तर पोस्टग्रेस मूळ सेटिंगप्रमाणे ३० सेकंद वाट पाहून तो अहवालच रद्द करते. वार्षिक अहवालांसाठी म्हणूनच हैदराबादची प्रत वापरावी आणि तिथे ही मर्यादा वाढवावी.

मुख्य कोण, हे ठरवणे

दोनच सर्व्हर एकमेकांकडे पाहत असतील आणि त्यांच्यातला संपर्क तुटला, तर प्रत्येकाला दुसरा मेल्यासारखाच दिसतो. समोरचा खरेच बंद पडला आहे की फक्त मधली तार तुटली आहे, हे आत बसून कळण्याचा मार्ग नाही. स्टँडबायने अशा वेळी स्वतःला मुख्य जाहीर केले आणि जुना मुख्यही चालूच राहिला, तर काही संस्थांच्या नोंदी एका ठिकाणी आणि काहींच्या दुसऱ्या ठिकाणी जातात. याला स्प्लिट-ब्रेन म्हणतात, आणि बंद सेवेपेक्षा ते कितीतरी वाईट. बंद सेवा चालू करता येते, पण दोन वेगळ्या झालेल्या वह्या जुळवायला माणसेच बसवावी लागतात.

उपाय आहे गणपूर्तीचा. सहकारी संस्थेच्या सभेप्रमाणे येथेही बहुमत हजर असल्याशिवाय निर्णय होत नाही: तीन सदस्यांत दोन, पाचांत तीन. फरक एवढाच की गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी गणपूर्तीशिवाय भरवण्याची जी वाट नोटिशीत लिहून ठेवलेली असते, ती एटसीडीमध्ये, म्हणजे मुख्य कोण ही माहिती बहुमताने जपणाऱ्या छोट्या सेवेत, नाही, आणि नाही तेच बरे. एटसीडी तीन झोनमध्ये तीन यंत्रांवर चालवावे. तिसऱ्या यंत्रावर डेटाबेस नसला तरी चालतो, मत असले म्हणजे झाले. त्याला वेगवान डिस्क लागते. एटसीडीचा आपसातील ठोका मुळात १०० मिलिसेकंदांचा आणि निवडणुकीची मुदत १००० मिलिसेकंदांची असते, त्यामुळे मतदार दूरदूरच्या शहरांत पांगवू नयेत.

पॅट्रोनी प्रत्येक डेटाबेसशेजारी चालते. मुख्य असलेल्याकडे एटसीडीतील 'लीडर' ही चावी असते. तिची मुदत मुळात ३० सेकंद आणि पॅट्रोनीची फेरी १० सेकंदांची असते. मुख्याला चावीचे नूतनीकरण करता आले नाही तर तो आपणहून मुख्यपद सोडतो, आणि मुदत संपल्यावर स्टँडबाय चावी घेतो. यंत्रच गोठले आणि पॅट्रोनीला पद सोडण्याइतकाही वेळ मिळाला नाही, तर काय? त्यासाठी लिनक्सचा वॉचडॉग जोडावा: पॅट्रोनीकडून ठरावीक वेळात इशारा आला नाही की तो यंत्र जबरदस्तीने रीसेट करतो. अशा सक्तीच्या बंद करण्याला फेन्सिंग म्हणतात. ते नसलेला फेलओव्हर आशेवर चालतो.

या आकड्यांवरून हेही कळते की संपूर्ण बदल साधारण अर्ध्या ते एक मिनिटात होतो. मुदत ५ सेकंदांवर आणून तो वेळ कमी करावा असे वाटेल. पण मग नेटवर्कच्या प्रत्येक उचकीला फेलओव्हर होऊ लागेल आणि विनाकारण झालेला प्रत्येक फेलओव्हर हा स्वतःच एक खंड असतो. दुसरी बाब अशी की एटसीडीचे बहुमतच गेले, तर पॅट्रोनी सुरळीत चाललेल्या मुख्य डेटाबेसलाही फक्त वाचनापुरते करते; मात्र पॅट्रोनी ३.० पासूनचा फेलसेफ मोड चालू केल्यास, इतर सर्व सदस्य थेट उत्तर देत असतील तर मुख्य पदावर राहतो.

वेब सर्व्हरांनी डेटाबेसचा पत्ता थेट न वापरता मधल्या एचए-प्रॉक्सीचा वापरावा. पॅट्रोनी ८००८ या पोर्टवर विचारल्यास मुख्य कोण ते सांगते, आणि एचए-प्रॉक्सी त्याच उत्तरावर जोडणी वळवते. तेथे 'सर्व्हर बाद होताच जुन्या जोडण्या तोडा' हा पर्याय लावायला विसरू नये. नाहीतर नवा मुख्य तयार असूनही वेब सर्व्हर जुन्याचीच वाट पाहत बसतात.

या विषयातले शिकण्यासारखे उदाहरण गिटहब या सॉफ्टवेअरचा कोड साठवणाऱ्या सेवेचे आहे. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील त्यांच्या डेटा सेंटरचा संपर्क अवघे ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात त्यांच्या स्वयंचलित यंत्रणेने मायएसक्यूएलचे मुख्यपद पश्चिम किनाऱ्यावर नेले, आणि दोन्हीकडे एकमेकांकडे न पोहोचलेल्या नोंदी राहिल्या. सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटे लागली. यंत्रणा तिला सांगितले होते तसेच वागली. हैदराबादकडे जाण्याचा निर्णय म्हणूनच यंत्राकडे देऊ नये. तिथली प्रत असिंक्रोनस असल्याने तिकडे जाणे म्हणजे शेवटच्या काही नोंदी सोडण्याची तयारी दाखवणे होय, आणि ती दाखवण्याचा अधिकार कोणाला, तो फोनवर मिळाला नाही तर कोणाला, हे नावानिशी लिहून ठेवावे.

मधल्या मिनिटात ॲप्लिकेशनने काय करावे

फेलओव्हरच्या त्या मिनिटात काही नोंदींची अवस्था अधांतरी असते: सचिवाने बटण दाबले, जोडणी तुटली, नोंद पक्की झाली की नाही कळले नाही. पुन्हा पाठवावी तर दुहेरी होण्याची भीती, न पाठवावी तर हरवण्याची. यासाठी संकलन केंद्रावरच्या संगणकानेच प्रत्येक नोंदीला कधीही पुन्हा न येणारा क्रमांक द्यावा, नोंद आधी स्वतःच्या डिस्कवर लिहावी, पावती छापावी, आणि मग सर्व्हरकडे होकार येईपर्यंत पाठवत राहावे. डेटाबेसमध्ये त्या क्रमांकावर युनिक बंधन आणि 'आधीच असेल तर काही करू नका' अशी आज्ञा ठेवली की तीच नोंद चारदा आली तरी एकदाच जमा होते. गावात इंटरनेट नसते तेव्हाही हीच रचना कामाला येते. मला विचाराल तर सर्वांत स्वस्त उपलब्धता हीच आहे आणि सर्व्हरवर एक रुपया घालण्यापूर्वी ती साधावी.

अर्धमेल्या जोडण्यांकडेही लक्ष द्यावे. समोरचे यंत्र अचानक नाहीसे झाले, तर लिनक्सची मूळ कीप-अलाइव्ह तपासणी दोन तासांनी सुरू होते. तोवर उत्तराची वाट पाहणारी जोडणी तशीच लटकते. वेब सर्व्हरच्या डेटाबेस जोडणीत ही वेळ काही सेकंदांवर आणावी.

प्रत म्हणजे बॅकअप नव्हे

कोणी चुकून संपूर्ण टेबल पुसले, तर ते पुसणेही काही मिलिसेकंदांत सर्व प्रतींवर इमानेइतबारे पोहोचते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या गिटहबसारख्याच सेवेच्या अभियंत्याने रेप्लिकेशनचा बिघाड दुरुस्त करताना दुय्यम समजून मुख्य डेटाबेसचीच डिरेक्टरी पुसली आणि सुमारे ३०० जीबी डेटा गेला. नित्याचा बॅकअप आवृत्तीच्या फरकामुळे तयारच होत नव्हता, आणि त्याच्या अपयशाचे ईमेलही पोहोचत नव्हते. शेवटी सहा तासांपूर्वीची एक प्रत कामी आली. तेव्हा रोजचा पूर्ण बॅकअप आणि सतत साठवली जाणारी वॉल, दोन्ही वेगळ्या क्षेत्रात व वेगळ्या पासवर्डखाली ठेवावीत, म्हणजे चुकीच्या क्षणाच्या आदल्या मिनिटापर्यंत मागे जाता येते. महिन्यातून एकदा तो बॅकअप रिकाम्या यंत्रावर उतरवून मागच्या दशकाच्या बिलाची बेरीज जुळते का ते पाहावे.

देखरेख

स्टँडबाय किती मागे आहे हे वेळेत मोजण्याची सोपी पद्धत म्हणजे शेवटचा उतरवलेला व्यवहार केव्हाचा ते विचारणे. पण सकाळचे संकलन संपल्यावर दुपारभर नवे व्यवहारच नसतात, आणि हे माप 'चार तास मागे' असे दाखवून विनाकारण घाबरवते. प्रायमरीने लिहिलेली आणि स्टँडबायने उतरवलेली वॉलची जागा यांतला फरक बाइटमध्ये मोजावा. पॅट्रोनीत असिंक्रोनस स्टँडबाय मुळात १ एमबीहून अधिक मागे असेल तर तो आपोआप मुख्य होण्यास अपात्र ठरतो, म्हणून इशाऱ्याची मर्यादा त्याच्या आतच ठेवावी. देखरेखीचे यंत्र त्याच झोनमध्ये ठेवू नये.

सराव, आणि जुन्या मुख्याला परत घेणे

सरावाची वेळ दुपारची, सकाळचे आणि सायंकाळचे संकलन यांच्यामधली. महिना मे, म्हणजे पावसाळ्यापूर्वी. बिलाचा दिवस टाळावा. पहिल्या खेपेस पॅट्रोनीच्या आज्ञेने नियोजित स्विचओव्हर करावा. तो सुरळीत झाला की पोस्टग्रेसची प्रक्रिया मारून पाहावी, मग संपूर्ण यंत्र बंद करून, आणि शेवटी यंत्र चालू ठेवून फायरवॉलने फक्त नेटवर्क तोडून. शेवटचा प्रकार सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या तिन्हींत जुना मुख्य खरेच गेलेला असतो. येथे तो जिवंत असतो, आणि त्याने आपणहून पद सोडले की नाही ते प्रत्यक्ष पाहायला मिळते. चाचणीच्या काळात दर सेकंदाला एक क्रमांकित नोंद टाकणारी छोटी स्क्रिप्ट चालू ठेवावी. होकार मिळालेला एकही क्रमांक नंतर गहाळ नसावा, आणि क्रमांकांमधल्या खंडावरून सेवा नेमकी किती सेकंद बंद होती ते कळते. पायऱ्या कागदावर छापून कार्यालयात लावाव्यात. सर्व्हर बंद असताना सर्व्हरवरच ठेवलेली सूचनापत्रिका वाचता येत नाही.

जुना मुख्य दुरुस्त होऊन आला की त्याला तसाच जोडू नये. त्याच्याकडे नव्या मुख्यापर्यंत न पोहोचलेले काही बदल असू शकतात, आणि पीजी-रिवाइंड हे साधन दोघांची वाट जेथे फुटली तेथपर्यंत त्याला मागे नेऊन नव्या मुख्याच्या मागे लावते. त्यासाठी डेटा चेकसम किंवा वॉल-लॉग-हिंट्स यांपैकी एक आधीपासून चालू असावे लागते. बिघाड झाल्यावर चालू करून भागत नाही, म्हणून क्लस्टर तयार करतानाच ते करावे. रिवाइंडपूर्वी जुन्या डेटाची एक प्रत बाजूला काढावी, कारण मागे टाकल्या जाणाऱ्या त्या बदलांत एखाद्या संस्थेची नोंद असू शकते आणि रिवाइंडनंतर ती शोधायला जागा उरत नाही. केंद्रावरच्या संगणकात आणि नव्या मुख्यात असलेले नोंद क्रमांक ताडून पाहावेत, राहिलेले पुन्हा पाठवावेत. हैदराबादला गेलेली सेवा मुंबईला परत आणण्याचे काम त्याच रात्री करू नये. मुंबईतील प्रत पूर्ण जुळेपर्यंत एक-दोन दिवस थांबावे आणि मग दुपारच्या मोकळ्या वेळेत नियोजित स्विचओव्हरने परतावे.